बाकाच्या माथ्यावरची दोन भोकं

अनातोल सार्पी हे माझे पारान. म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये ज्यांनी मला हातांवर धरलं ते. आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये पारानला दुसरा बाप मानतात. माझ्या बाबतीत ते पहिल्याच्या जागी आले, कारण मी चार वर्षांची असताना माझे वडील गेले. वडील ट्रामचे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होते, पारान कारशेडमध्ये. दोघांची ओळख दुपारच्या डब्यावर झाली. वडिलांच्या डब्यात तळलेली मासळी, पारानच्या डब्यात राजमा-भात, आणि दोघांनाही दुसऱ्याचाच डबा आवडायचा. तेवढ्यावर जमलेली मैत्री वडील गेल्यावरही पारानांनी सोडली नाही. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी माझं बोट त्यांच्या हातात होतं.

पारान हाडाचे सुतार. त्यांचे वडील लुसिएन यांनी सातव्या वॉर्डातल्या अर्ध्या घरांची दारं-खिडक्या केली होती. पारान बारा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या हाताखाली रंधा मारत होते. पुढे म्हाताऱ्याचे डोळे गेले, कामं आटली, आणि १९५५ साली बावीस वर्षांचे पारान ट्राम कंपनीत नोकरी मागायला गेले. नुकतंच लग्न झालेलं. अर्जावर त्यांनी लिहिलं, 'सुतार.'

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि त्यांच्याकडे बघितलं. "सुतारखातं गोऱ्यांचं आहे. झाडू चालेल?"

"चालेल," पारान म्हणाले.

हा किस्सा सांगताना ते शेवटी हमखास म्हणायचे, "झाडूचा दांडाही लाकडाचाच होता ना गं!" आणि स्वतःच हसायचे. त्यांची बायको, आमची मिस वर्नेल, मात्र कधी हसायची नाही. ती उठून स्वयंपाकघरात जायची.

पहाटे गाड्या बाहेर पडण्याआधी धुवायच्या, बाकं पुसायची, काचा लख्ख करायच्या, हे झाडूवाल्यांचं काम. हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम. पण ज्याला लाकूड कळतं त्याला कुरकुरणारी खिडकी तशीच सोडवत नाही. नऊशे चौतीस नंबरच्या गाडीची एक खिडकी उघडत नाही अशी तक्रार तीनदा आली होती. चौथ्यांदा हेडसुतार मिस्टर हिंगल स्वतः बघायला आले. हे नदीच्या खालच्या अंगाच्या गावातले, बुटके, तापट गृहस्थ. त्यांनी खिडकीला बोट लावलं आणि ती सरकन वर गेली.

"कुणी केलं हे?" हिंगल ओरडले. सुतारांनी एकमेकांकडे बघितलं. मागे बादली घेऊन पारान उभे होते.

"तू?"

"मी फक्त पुसली, मिस्टर हिंगल."

हिंगलनी वाकून चौकटीच्या कोपऱ्यातला सांधा बघितला. नवा होता. सरसाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता. "पुसून सांधा बदलतो का रे? साबण कुठला वापरतोस, मलाही सांग!"

पारान बादली उचलून पुढच्या गाडीकडे गेले. हिंगलनी विषय तिथेच सोडला. पण त्या दिवसापासून घरी जाताना हत्यारांच्या पेटीला कुलूप लावायला ते विसरू लागले. नऊ वर्षं रोज विसरले. पारान त्यांच्याबद्दल वाईट शब्द कधी काढत नसत, चांगलाही फारसा नाही. "कुलूप लावलं नाही, हे खरं," एवढंच म्हणायचे. "आणि माझं नावही कुठे सांगितलं नाही, हेही खरं."

मग १९६४ साल आलं. देशभर गावोगावच्या ट्राम बंद होत होत्या, रूळ डांबराखाली जात होते. आमच्याकडे कॅनॉल स्ट्रीटची पाळी आली. नदीपासून थेट दफनभूमीपर्यंत जाणारा हा शहरातला सगळ्यांत रुंद रस्ता, आणि त्याच्या मधल्या पट्ट्यातून शंभर वर्षांहून जास्त काळ ट्राम धावलेली. आधी घोड्यांची, मग विजेची. आता तिथे बस येणार, वातानुकूलित. फक्त सेंट चार्ल्स रस्त्यावरच्या पस्तीस हिरव्या गाड्या तेवढ्या ठेवायच्या ठरल्या.

शेवटच्या दिवशी लोक पाट्या घेऊन निषेधाला उभे होते. म्हाताऱ्या बायका रुमाल हलवत होत्या. दुसऱ्या आठवड्यात पारानांना कुऱ्हाड देण्यात आली. आतलं सामान तोडायचं, लोखंड वेगळं करायचं, लाकूड जाळायचं. ज्या गाड्या ते रोज सकाळी धूत होते, त्याच.

त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली आणि पेचकस घेतला. एकेक बाक खोलून, एकेक स्क्रू काढून बाजूला ठेवू लागले. मुकादम म्हणाला, "अरे, जाळायचंच आहे ना? मग इतकं लाडानं काय काढतोयस?"

"जोडणाऱ्यानं लाडानं जोडलंय," पारान म्हणाले. "मला तोडता येत नाही. काढता येतं."

मुकादमानं हात झटकले आणि तो निघून गेला. पारानांनी खोललेली बाकंही शेवटी जाळातच गेली, थोडी सोडून. ती सेंट चार्ल्सच्या गाड्यांना सुटे भाग म्हणून हिंगलनी माळ्यावर चढवून ठेवली. त्या दिवसापासून पारान कॅनॉल स्ट्रीटच्या बसमध्ये चढले नाहीत. चालत जायचे. मिस वर्नेल बाजाराच्या पिशव्या घेऊन बसमध्ये बसायची आणि खिडकीतून ओरडायची, "ये रे वर, बस काही चावत नाही!" हे हात हलवून फुटपाथवरून चालत राहायचे. असं चाळीस वर्षं चाललं.

सुतारखात्याचं दार आम्हा काळ्या माणसांना उघडलं ते १९६७ साली. कायदा बदलला होता आणि कंपनीला ऐकावं लागलं. हिंगल निवृत्तीला आले होते. त्यांनी परीक्षा ठेवली: एका दिवसात खिडकीची एक चौकट करून दाखवायची. खात्यातला वॉल्टर नावाचा एक सुतार मोठ्यानं म्हणाला, "झाडूवाला सुतार व्हायला लागला! उद्या मांजर मोटरमन होईल."

"मांजर ब्रेक तरी वेळेवर लावेल," पारान म्हणाले. पोरं फिस्सकन हसली, कारण वॉल्टरच्या भावानं आदल्याच आठवड्यात गाडी दुसऱ्या गाडीवर नेऊन घातली होती.

दुपारपर्यंत चौकट तयार झाली. हिंगलनी ती गाडीत बसवली आणि एका बोटानं वर उचलली. मग खाली सोडली, परत उचलली. असं पाच-सहा वेळा केलं. नंतर खिशातून काटकोन तपासायचा आपला गुण्या काढून पारानांच्या हातात दिला आणि घरी गेले. त्या गुण्यावर हिंगलच्या बापाचं नाव कोरलेलं होतं.

पुढची तीस वर्षं त्या पस्तीस गाड्यांची सगळी लाकडं पारानांच्या हाताखालून गेली. जगात कुठे मिळत नाहीत असे सुटे भाग ते घरच्या घरी केल्यासारखे करायचे. त्यांच्यामुळेच मी १९८५ साली मोटरमनच्या परीक्षेला बसले. बाई मोटरमन तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. "कान तयार ठेव," ते मला म्हणाले होते. "डोळे सगळ्यांनाच असतात. गाडी बिघडायच्या आधी बोलते, ऐकणारी पाहिजे." मी पहिल्यांदा गणवेश घालून त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी माझ्या टोपीचा कोन नीट केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलले नाहीत. मला वाटलं, गहिवरले असतील.

आणि मग ज्याचं कुणाला स्वप्नही पडलं नसतं ते झालं. बसचा धूर आणि गर्दी यांना शहर कंटाळलं, लोकांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि कॅनॉल स्ट्रीटवर ट्राम परत आणायचं ठरलं. नवे रूळ, नव्या तारा, चोवीस नव्या लाल गाड्या. त्याही कुठून विकत आणायच्या नाहीत, आमच्याच कारशेडमध्ये बांधायच्या, जुन्या हिरव्या गाड्यांच्या घाटावर. पारान निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांना बोलावणं गेलं. मिस वर्नेल म्हणाली, "विचारतोयस काय मला? बूट तर घालून झालेत तुझे."

बाकांचं काम गिड्री नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होतं. उपनगरातला गोरा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा, ट्रामवेडा. त्यानं जुनं बाक सुतासुतानं मोजून नकाशे काढले होते. नमुन्याचं पहिलं बाक तयार झालं तेव्हा ते बघायला आम्हा पाच-सहा मोटरमनांनाही बोलावलं. महोगनीचं चकचकीत बाक, पाठ पुढे-मागे उलटी करता येणारं, अगदी जुन्यासारखं.

"मिस्टर अनातोल, जुन्याशी ताडून बघा," गिड्री म्हणाला. "एका सुताचा फरक निघाला तरी सांगा."

पारानांनी बाकावरून हात फिरवला. पाठीच्या वरच्या कडेवर त्यांचा अंगठा थांबला. तिथे बोटभर रुंदीची दोन भोकं होती, एकमेकांपासून हातभर अंतरावर. कडा झिजू नयेत म्हणून गिड्रीनं त्यांत पितळी कड्याही बसवल्या होत्या.

"हे कशाला ठेवलंस?"

"मूळ बाकांना आहेत ना," गिड्री उत्साहानं म्हणाला. "कशासाठी आहेत ते कुणालाच नीट सांगता येईना. मला वाटतं, मार्डी ग्राच्या उत्सवात झेंडे लावत असतील."

"छे छे," मी म्हटलं, "मी तर प्रवाशांना सांगते, जुन्या काळी बायका छत्र्या अडकवायच्या." सगळे हसले. आमच्यातला एक जण म्हणाला, मी सांगतो मेणबत्त्या लावायच्या. पुन्हा हशा.

पारान हसले नाहीत. "डेल्फीन, किती वर्षं सांगतेयस हे छत्र्यांचं?"

"झाली की सोळा."

"हं." ते त्या नमुन्याच्या बाकावर बसले. मग म्हणाले, "इथे पाटी लागायची."

"कसली पाटी?"

"लाकडाची. दीडेक हात लांब, खाली दोन खुंट्या. त्या या भोकांत खोचायच्या. तिच्यावर लिहिलेलं असायचं, 'फक्त काळ्या उतारूंसाठी.' पाटीच्या मागे आम्ही बसायचं. पुढे गोरे उतारू वाढले की पाटी उचलून एक बाक मागे लावायची, की आमची अख्खी रांग उठली. माझ्या बहिणीच्या वेळी आई पोटुशी होती, आठवा महिना. बाजारापासून घरापर्यंत तीनदा उठली. मी सात वर्षांचा होतो. दर वेळी पिशवी मी उचलायचो."

शेडमध्ये कुठेतरी ग्राइंडर चालू होता, तोही कुणीतरी बंद केला.

"मी झाडूवाला म्हणून इथे लागलो, तेव्हा रोज पहाटेचं माझं एक काम होतं," पारान पुढे म्हणाले. "काडी घेऊन ही भोकं कोरायची. धूळ साचली की पाटी नीट बसत नसे. ५८ साली कोर्टानं पाट्या काढायला लावल्या. त्या काढायचं कामही आमच्याकडेच आलं. भोकं तेवढी राहिली."

सोळा वर्षं मी त्या भोकांवर हात ठेवून, हसून, लोकांना छत्र्या सांगत होते. आणि माझी आई, माझी आजी त्याच गाड्यांतून गेली होती.

गिड्री लालबुंद झाला होता. "माझी आजी रोज कॅनॉलच्या ट्रामनं कामाला जायची," तो हळू म्हणाला. "ट्रामच्या इतक्या गोष्टी सांगायची... हे कधीच बोलली नाही."

"तुझी आजी पुढे बसायची, बाळ," पारान म्हणाले. "पाटी तिच्या पाठीमागे असायची."

टोमणा नव्हता तो. एखाद्याला रस्ता समजावून सांगावा तसं त्यांनी सांगितलं. गिड्रीनं नकाशा उघडला आणि पेन्सिलीनं ती दोन भोकं खोडली.

पण प्रश्न तेवढ्यानं मिटला नाही. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, जुन्या पस्तीस गाड्यांतलीही भोकं लगेच बुजवून टाकू. तेच लाकूड, तेच पॉलिश. कुणाला पत्ताही लागणार नाही.

"बुजवा," पारान म्हणाले, "पण दिसतील अशी बुजवा. महोगनीत सायप्रसची बुचं मारा. काळसर लाकडात पिवळं लाकूड."

"अहो, लोक विचारतील!"

"विचारू देत की. ही सांगेल." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "सोळा वर्षं छत्र्यांचं सांगितलंय तिनं. आता खरं सांगायला तोंड दुखणार नाही तिचं."

व्यवस्थापकांनी तीन आठवडे घेतले. बैठका झाल्या, पत्रं झाली. पर्यटकांचा मूड जाईल, असं एक जण म्हणाला. शेवटी गिड्रीनं लिहून दिलं की पारान म्हणतात तसं होणार नसेल तर बाकांच्या कामावरचं माझं नाव काढा. मग परवानगी आली. पारानांनी जवळपास अठराशे बुचं हातानं केली. एकेक तासून, मोगरीनं हलकेच ठोकून, वरून अंगठा फिरवून बघायचे. हाताला काहीही लागता कामा नये, डोळ्यांना दिसलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

पाटीची गोष्ट कळली त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. म्हटलं, "पारान, मला कधीच का सांगितलं नाही?"

"तू गणवेश घालून दारात आलीस ना, त्या दिवशी सांगणार होतो. पण तुझी आई आनंदानं रडत होती, वर्नेलनं केक केला होता. म्हटलं, आज नको. मग ते 'आज नको' सोळा वर्षं लांबलं."

"एवढं सगळं होऊन तुम्हाला ट्राम आवडते तरी कशी?"

त्यांनी खांदे उडवले. "मागच्या बाकावरून मोटरचा आवाज फार छान येतो गं. पुढच्यांना तो कधी ऐकूच आला नाही."

घरी मिस वर्नेलनं उरलेली गोष्ट सांगितली. ५८ साली काढलेल्या पाट्यांतल्या पाच-सहा पारान घरी घेऊन आले होते. चांगलं सायप्रस होतं, टाकवेना. "मी म्हटलं, हे लाकूड माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही," वर्नेल म्हणाली. "मग ह्यानं रंधा मारून अक्षरं काढली आणि मागे कोंबड्यांचं खुराडं केलं. कोंबड्या मेल्या, खुराडं मोडलं, पण ते कशाचं होतं हे ह्यानं कुणाला सांगितलं नाही."

२००४ च्या एप्रिलमध्ये कॅनॉल स्ट्रीटवर ट्राम सुरू झाली. चाळीस वर्षांनी. बँड, झेंडे, दुतर्फा माणसं. पारान एकाहत्तर वर्षांचे, पांढरा सूट, पांढरी टोपी. गाडीत चढले आणि बसेनातच. या बाकावर बसून बघ, त्या बाकावर बसून बघ, कुठलं कुरकुरतंय का ऐक. मिस वर्नेल वैतागली. "एका जागी बस रे! लोकांना वाटेल तिकीट चुकवतोयस." शेवटी दफनभूमीपाशी गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "तिसऱ्या रांगेतलं डावीकडचं आवाज करतंय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन ते कामावर हजर झाले.

सोळा महिने गाड्या धावल्या. मग २००५ च्या ऑगस्टात कतरिना वादळ आलं, बांध फुटले, आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. लाल गाड्यांची शेड खोलगट भागात होती. सगळ्या लाल गाड्या छातीभर खारट पाण्यात कितीतरी दिवस उभ्या राहिल्या. सातव्या वॉर्डातलं पारानांचं घरही बुडालं. ते दोघं आधीच ह्यूस्टनला मुलीकडे गेले होते, म्हणून वाचले. मी बॅटन रूज शहरात एका शाळेच्या हॉलमध्ये आसऱ्याला होते.

ऑक्टोबरात परत आले तेव्हा शेडमध्ये पारान दिसले. रबरी बूट, तोंडाला फडकं.

"पारान! घर बघितलंत?"

"बघितलं. छतापाशी बुरशी आहे. घर कुठे पळून जात नाही, इथलं लाकूड मात्र रोज फुगतंय."

अर्धे कामगार दुसऱ्या राज्यांत विखुरलेले. जे होते त्यांना घेऊन पारानांनी बाकं खोलायला सुरुवात केली. एकेक गोड्या पाण्यानं धुवायचं, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायचं, वारा खेळता ठेवायचा. उन्हात ठेवलं तर तडकतं, कोंडलं तर कुजतं. गिड्रीचं स्वतःचं घरही गेलं होतं. तो गुडघ्यांवर बसून गंजलेले स्क्रू काढायचा, आणि एखादा तुटला की पारान म्हणायचे, "लाडानं, बाळ, लाडानं."

सेंट चार्ल्सच्या हिरव्या गाड्या उंच भागात असल्यामुळे कोरड्या राहिल्या होत्या. पण त्यांच्या रस्त्यावरच्या तारा झाडांनी तोडल्या होत्या. कॅनॉल स्ट्रीटला तारा होत्या, गाड्या नव्हत्या. मग डिसेंबरात त्या जुन्या हिरव्या गाड्या कॅनॉलवर आणायचं ठरलं. पहिल्या दिवशीची एक फेरी माझ्याकडे आली. पारान माझ्या मागच्या बाकावर होते.

रस्त्याच्या कडेला घराघरांतून काढलेले, आतलं अन्न सडलेले फ्रीज चिकटपट्ट्या लावून उभे होते. दुकानांवर फळ्या ठोकलेल्या. सिग्नल बंद. घंटा वाजवत गाडी निघाली तशी फळ्यांमागून माणसं बाहेर येऊ लागली. हातात फावडी, अंगावर चिखल. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी नुसतंच बघत राहिलं. एका थांब्यावर चिखलानं माखलेले बूट घातलेली एक बाई चढली आणि पर्स उघडू लागली.

"राहू दे बाई, सध्या फुकट आहे," मी म्हटलं.

"कुठवर जाते?"

"पार दफनभूमीपर्यंत."

"तिकडे माझं घर होतं," ती म्हणाली, आणि बसली. थोड्या वेळानं तिला पुढच्या बाकाच्या माथ्यावरचं पिवळं बूच दिसलं. "हे काय आहे?"

मी सांगितलं. घंटा, ब्रेक, वळण सांभाळत, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मागे पारान उठून एकेक खिडकी उघडत होते. गाडीत बाहेरच्या बुरशीचा वास भरला होता, आणि सगळ्या खिडक्या एका बोटानं वर जात होत्या.

लाल गाड्या एकेक करून रुळांवर यायला आणखी तीन-साडेतीन वर्षं गेली. तोवर पारान आणि मिस वर्नेल आपल्याच अंगणात सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या गाडीघरात राहत होते. घराच्या भिंती, छप्पर झालं होतं, पण स्वयंपाकघर तसंच उघडं पडलेलं, कारण ते काम पारान दुसऱ्या कुणाला करू देत नव्हते आणि स्वतःला वेळ नव्हता. "या शहरात सगळ्यांत चांगला सुतार माझ्या घरात राहतो," मिस वर्नेल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आणि मी शेगडीवर उभ्यानं अंडी तळते."

शेवटच्या लाल गाडीचं शेवटचं बाक बसवलं तेव्हा पारान शहात्तर वर्षांचे होते. त्यांनी हात धुतले, पेटी उचलली, आणि या वेळी निरोप-समारंभाला न थांबता घरी निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर त्यांच्या घरातून रंध्याचा आवाज येत होता. सायप्रसची कपाटं, खिडकीखाली लांब ओटा, त्यावर वर्नेलच्या उंचीला बरोबर बेतलेली फळी.

स्वयंपाकघर पुरं झालं तो सोमवार होता. सोमवारी आमच्याकडे राजमा-भातच असतो. मिस वर्नेलनं एवढा मोठा हंडा चढवला की सगळं कारशेड त्यात जेवलं. पायऱ्यांवर, अंगणात, कुंपणावर ताटल्या घेऊन माणसं बसली होती. गिड्री बायकोला घेऊन आला होता, कडेवर लहान मुलगी. त्यानं तीनदा भात घेतला.

मिस वर्नेलनं कपाटाचं प्रत्येक दार उघडून, मिटून बघितलं. कुठेच कुरकुर नव्हती. पदराला हात पुसावेत तसे तिनं ॲप्रनला हात पुसले.

"बरं केलंय," ती म्हणाली. "आता मागच्या पायऱ्या."